‘रोज अर्धा तास चाला’ हे कोणी ठरवले?

रक्तातली साखर थोडी वाढली, रक्तदाब वर सरकला किंवा गुडघे कुरकुरू लागले की डॉक्टर चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहितात, ‘रोज अर्धा तास चाला.’ गोळ्यांबद्दल आपण दहा प्रश्न विचारतो. जेवणाआधी घ्यायची की नंतर, किती दिवस, दुसऱ्या कंपनीची स्वस्त मिळेल का. या ओळीबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. अर्धाच तास का? वीस मिनिटे का नाही? सलग चालायचे की तुकड्यातुकड्याने चालले तरी हरकत नाही? ज्याचा अख्खा दिवस पायांवर उभे राहण्यात जातो, त्यानेही संध्याकाळी पुन्हा चालायचे का?

हा अर्धा तास कुणा एका डॉक्टरच्या मनात आलेला आकडा नाही. आठवड्याला १५० मिनिटे, या हिशेबातून तो निघतो. आणि १५० हा आकडा तज्ज्ञांच्या समित्यांनी कागद चाळून, वाद घालून, मग सरकारांपुढे ठेवलेला आहे. ब्रिटन, कॅनडा, जागतिक आरोग्य संघटना, सगळीकडे अशा समित्या बसल्या. अमेरिकेच्या समितीचे कामकाज मात्र बाहेरच्या माणसालाही बऱ्यापैकी वाचता येते, म्हणून या लेखात मुख्यतः तिचीच हकीकत आहे. आपल्याकडचा मुद्दा त्यानंतर.

सुरुवात मात्र लंडनच्या बसमधून करावी लागते. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा तो अभ्यास होता. डबलडेकर बसचा ड्रायव्हर पाळीभर बसून असे, तर कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. दोघे एकाच वस्तीतले, पगारात फारसे अंतर नसलेले. तरी हृदयविकार आणि त्यातून होणारे अचानक मृत्यू ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळले. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर तिकिटे फाडत फिरणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र लगेच उभे करता येईल.

मॉरिस तिथेच थांबला नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. तीन वर्षांनी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि नोकरीत नव्याने आलेल्यांमध्येही हा फरक दिसला. म्हणजे मुळात जाडजूड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मग दोष बसून राहण्याचा किती आणि आधीपासूनच्या अंगकाठीचा किती? स्वतःच्याच निष्कर्षावर त्याने स्वतः शंका घेतली. पुढे या विषयात जे भांडण झाले, ते सगळे याच शंकेभोवती फिरते. माणूस हालचाल करतो म्हणून निरोगी राहतो, की निरोगी असतो म्हणून हालचाल करू शकतो?

अशा प्रश्नाचे उत्तर एक अभ्यास देत नाही, शंभर अभ्यासही कधीकधी देत नाहीत. कोणीतरी ते सगळे एकत्र मांडून, कोणता किती भरवशाचा हे ठरवावे लागते. सल्लागार समितीचे काम हेच.

अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी सल्ला असा होता की आठवड्यातून तीन ते पाच दिवस घाम निघेल असा कसून व्यायाम करा. १९९५ साली तिथले रोगनियंत्रण केंद्र आणि क्रीडावैद्यकाची एक मोठी संस्था यांनी मिळून तो बदलला आणि ‘बहुतेक दिवशी ३० मिनिटे मध्यम गतीची हालचाल’ हे सूत्र दिले. तरी सरकारची म्हणून सर्वंकष राष्ट्रीय मार्गदर्शिका नव्हती. ती आली २००८ साली. त्यासाठी १३ तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विल्यम हॅस्केल तिचे अध्यक्ष होते. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, त्या समितीत १७ जण होते आणि केनेथ पॉवेल व अ‍ॅबी किंग असे दोन सहअध्यक्ष.

तिथे १९७२ पासून एक कायदा आहे. सरकारने बाहेरच्या माणसांची सल्लागार समिती नेमली की तिच्या बैठकीची सूचना सरकारी राजपत्रात आधी छापावी लागते, बैठक लोकांना खुली ठेवावी लागते, कागदपत्रे दाखवावी लागतात आणि सदस्यांमध्ये निरनिराळ्या मतांचा तोल राखावा लागतो. कायदा आरोग्यासाठी केलेला नव्हता, सगळ्याच समित्यांसाठी होता. पण त्यामुळे झाले असे की ‘रोज किती चालावे’ यावरची चर्चाही बंद दाराआड होऊ शकली नाही. जुलै २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या काळात दुसऱ्या समितीच्या पाच जाहीर बैठका झाल्या. लोकांकडून लेखी मते मागवली गेली.

समितीने आधी प्रश्न ठरवले. मोठे ३८ प्रश्न आणि त्यांच्या पोटात १०४ उपप्रश्न. वयस्कांचे पडणे कमी होते का, गरोदरपणात काय फायदा, झोपेवर काय परिणाम, कर्करोगाच्या कोणकोणत्या प्रकारांशी संबंध. नऊ उपसमित्यांनी ते वाटून घेतले. कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते सोडायचे याचे नियम उत्तर शोधण्यापूर्वी लिहून ठेवले. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. निकाल पाहून मग नियम ठरवले, तर हवे ते सिद्ध करता येते. आपल्याकडच्या अनेक चौकशी अहवालांना हेच दुखणे असते.

मग प्रत्येक उत्तराला दर्जा दिला. पुरावा भक्कम, मध्यम, मर्यादित, किंवा ‘दर्जा देता येत नाही’. शेवटचा शेरा मला सगळ्यात आवडतो. जगातल्या नामवंत संशोधकांना सरकार बोलावते, दीड-दोन वर्षे बसवते, आणि ते पानोपानी लिहितात की या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सादर झालेल्या त्या अहवालाची पाने ७७९ आहेत. सगळी कोणी वाचत नसेल, पण हव्या त्या वाक्याच्या मुळाशी जाता येते.

त्याचा फायदा काय, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दहा मिनिटांचा नियम. २००८ च्या मार्गदर्शिकेत म्हटले होते की हालचाल किमान दहा मिनिटे सलग असेल तरच ती आठवड्याच्या हिशेबात धरा. दोन मिनिटे जिना चढलात, चार मिनिटे चालत वाण्याकडे गेलात, तर ते खात्यात जमा नाही. हा नियम आला कुठून? नव्वदच्या दशकाच्या आगेमागे झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी तीस मिनिटांचा सलग व्यायाम आणि दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे यांची तुलना केली होती. दोन्हींचा फायदा झालेला दिसला. म्हणून दहा मिनिटांचा तुकडा चालतो, असे ठरले. पाच मिनिटांचा तुकडा चालत नाही असे कोणी सिद्ध केले नव्हते, तो फारसा तपासलाच गेला नव्हता. पण ‘तपासले नाही’ याचे सूचनांमध्ये येता येता ‘धरू नका’ झाले.

पुढच्या दशकात कमरेला लावायची, हालचाल मोजणारी छोटी यंत्रे संशोधनात रुळली. आधी लोकांना विचारले जाई की गेल्या आठवड्यात किती चाललात. तीन मिनिटांचे चालणे कोण लक्षात ठेवतो? यंत्र ठेवते. त्या आकड्यांवरून २०१८ च्या समितीने निष्कर्ष काढला की कितीही छोटा तुकडा असो, तो एकूण हालचालीत भर घालतो आणि आरोग्याला उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून दहा मिनिटांची अट गेली. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचनांतही ती राहिली नाही.

हा बदल साधा नव्हे. ज्या बाईला दहा मिनिटे सलग स्वतःची म्हणून मिळत नाहीत, तिचे दिवसभराचे जिने चढणे, पोराला शाळेत पोचवण्यासाठी झपाझप चालणे, हे सगळे त्या एका अटीने हिशेबाबाहेर ठेवले होते. समितीने आधीच्या समितीचे म्हणणे बदलले, का बदलले ते लिहिले, आणि कोणाची अब्रू गेली नाही.

समिती मार्गदर्शिका लिहीत नाही, हेही इथे सांगायला हवे. ती फक्त शास्त्रीय अहवाल देते. त्यावरून लोकांसाठीच्या सूचना सरकारी अधिकारी लिहितात. विज्ञान आणि धोरण यांच्यात अशी फट ठेवलेली आहे, आणि तिच्यातून काय काय घडते ते पाहण्यासारखे आहे. अहवालातील आलेख पाहिला तर १५० मिनिटांवर कुठलाच कडा नाही. काहीच न करणारा माणूस थोडे करू लागला की सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो. मग रेघ हळूहळू सपाट होत जाते. १४९ मिनिटे चालणारा मरतो आणि १५१ वाला वाचतो, असे काही नाही. १५० ते ३०० ही मर्यादा लोकांना लक्षात राहील असे काहीतरी हवे म्हणून ठेवलेली आहे. मला त्यात गैर वाटत नाही. पण ती निसर्गाने आखलेली रेघ आहे असा समज पसरला की, जो शंभरावर थांबतो तो स्वतःला नापास समजून शून्यावर परततो.

बसून राहण्याबद्दलही असेच. जास्त बसणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते, याला समितीने ‘भक्कम’ दर्जा दिला. बसणे आणि हालचाल यांचा एकत्रित परिणाम दाखवणारा लाल-हिरव्या रंगांचा एक तक्ताही दिला. तरी दिवसाला अमुक तासांपेक्षा जास्त बसू नका, असा आकडा मार्गदर्शिकेत आला नाही, कारण तेवढा नेमका पुरावा नव्हता. ‘जास्त हला, कमी बसा’ एवढ्यावरच तो विषय थांबला. दहा हजार पावलांचा आकडाही त्या मार्गदर्शिकेत लक्ष्य म्हणून नाही. तो तर १९६० च्या दशकात एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातून आला. आज लाखो मनगटांवरची घड्याळे दहा हजारांचा हिशेब ठेवतात. समित्या नसत्या तर सगळेच आकडे असे बाजारातून आले असते.

आणखी एक गोष्ट. ही समिती ओबामांच्या काळात नेमली गेली, तिचा अहवाल आला तेव्हा ट्रम्प यांचे सरकार होते. दोघांचे आरोग्यविषयक राजकारण एकमेकांच्या उलट. तरीही दहा मिनिटांची अट काढण्यासह समितीचे मुख्य निष्कर्ष मार्गदर्शिकेत उतरले. काम इतके उघड्यावर झाले होते की ते गुपचूप बदलणे अवघड होते, असे मला वाटते. अर्थात सगळे गोड नाही. आहाराच्या मार्गदर्शिकेला दर पाच वर्षांनी नवी करण्याचे कायद्याचे बंधन होते, व्यायामाच्या मार्गदर्शिकेला तसे नव्हते, म्हणून दुसरी आवृत्ती यायला दहा वर्षे गेली. आणि त्याच दुसऱ्या आवृत्तीत नोंद आहे की चालण्यासारखी हालचाल आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम या दोन्ही अपेक्षा पूर्ण न करणारे अमेरिकी प्रौढ ८० टक्क्यांच्या जवळपास आहेत.

माझा मूळ आक्षेप वेगळ्याच जागी आहे. अहवालात ‘दर्जा देता येत नाही’ हा शेरा ज्या ठिकाणी वारंवार दिसतो, त्यातली एक जागा म्हणजे वंश, समाजगट आणि आर्थिक स्थिती यांनुसार परिणाम बदलतो का, हा प्रश्न. समितीने प्रश्न विचारला, ही तिची बाजू. पण उत्तर देण्याइतके अभ्यासच नव्हते. दुसरे असे की समितीसमोर आलेला बराचसा पुरावा फावल्या वेळेतल्या हालचालींचा होता. कामानंतर पोहणारा, सायकल चालवणारा, बागेत धावणारा माणूस त्यात मोजला गेला. ज्याला फावला वेळच नाही त्याच्याबद्दल आपल्याला कमी माहीत आहे.

आता मालेगाव किंवा भिवंडीचा यंत्रमाग कामगार डोळ्यांसमोर आणा. बारा तासांची पाळी, मागांच्या रांगांमधून ये-जा, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत कापसाचे तंतू. पावले मोजली तर कदाचित मुंबईतल्या जिमवाल्यांपेक्षा जास्त भरतील. हा माणूस ‘सक्रिय’ का? प्रश्नावली म्हणेल, हो. त्याचे शरीर काय म्हणेल? युरोपातल्या काही संशोधकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत हाच मुद्दा लावून धरला आहे. फावल्या वेळेतली हालचाल हृदयाला उपकारक दिसते, पण दिवसभराच्या कष्टाच्या कामाचा तसा फायदा दिसत नाही, काही अभ्यासांत तर उलटच दिसते. त्यांचे स्पष्टीकरण असे की कामावरच्या श्रमाला विश्रांती नसते, वेग आपल्या हातात नसतो, तासन् तास रक्तदाब चढलेला राहतो. दुसरे संशोधक म्हणतात की हा फरक गरिबीचा आहे, धूम्रपानाचा आहे, श्रमाचा नाही. मॉरिसच्या पँटच्या कंबरेचाच हा वाद, नव्या कपड्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनी काम, प्रवास, घरकाम, खेळ, सगळ्या हालचाली धरा असे म्हटले आणि त्यांच्या परिणामांतला फरक हा पुढच्या संशोधनाचा विषय ठेवला.

आपल्याकडे काय आहे? डॉ. अनूप मिश्रा आणि देशभरातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१२ साली भारतीयांसाठी सहमतीच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे म्हणणे, आपल्या लोकांना मधुमेह लवकर आणि कमी वजनातच गाठतो, तेव्हा पाश्चात्यांचा अर्धा तास पुरणार नाही, रोज ६० मिनिटे हवीत. त्यातली ३० मिनिटे चालण्यासारखी हालचाल, १५ मिनिटे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि १५ मिनिटे कामाच्या ठिकाणची हालचाल. काम गंभीर आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. पण शेवटची १५ मिनिटे पाहा. कामाच्या ठिकाणी पाव तास हालचाल करा, हा सल्ला खुर्चीत बसणाऱ्यालाच देता येतो. लूमवाल्याला तो ऐकवला तर तो हसेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीने २०१४ साली चार भागांचे आकडे दिले. महाराष्ट्र त्यात होता, सोबत तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड. ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. विरंगुळा म्हणून काही खेळणारे किंवा व्यायाम करणारे दहा टक्क्यांपेक्षाही कमी. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाने पडत नाही. ज्या वस्तीत फुटपाथ नाही, बाग नाही, संध्याकाळी बाई एकटी चालायला निघाली तर चार डोळे वर होतात, तिथे ‘रोज अर्धा तास चाला’ हे वाक्य कोणासाठी लिहिले आहे? घराच्या गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दहा मिनिटांची अट गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली?

२०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली, वयोगटांनुसार सूचना निघाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये १७ आहारसूचना दिल्या, त्यात व्यायामाचीही एक आहे. त्या तज्ज्ञांच्या समितीनेच तयार केल्या. तज्ज्ञ आपल्याकडे कमी नाहीत, कोणाहून कमीही नाहीत. उणीव आहे ती अमेरिकेत १९७२ साली झालेल्या कायद्यासारख्या बंधनाची. माहिती अधिकारात अर्ज करून झालेल्या बैठकीचा कागद मागता येतो. पण बैठक होण्यापूर्वी तिची सूचना काढा, प्रश्नांची यादी आधी जाहीर करा, असे सगळ्या तज्ज्ञ समित्यांना बांधणारा कायदा आपल्याकडे नाही.

अशी समिती उद्या दिल्लीत बसली तर तिच्यात मधुमेहतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ असतीलच. व्यावसायिक आरोग्याचा एक डॉक्टर असावा, ज्याने कारखान्यातली पाळी आतून पाहिली आहे. नगररचना कळणारा एक जण असावा. वस्तीत घरोघर फिरणारी एक आशा सेविका असावी, कारण कोणती बाई कुठे आणि किती चालते हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. आणि समितीच्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न असावा की बारा तास उभे राहून काम करणाऱ्याला चालायला सांगायचे की बसायला. उत्तर ‘दर्जा देता येत नाही’ असे आले तरी चालेल, पुढचा अभ्यास कुठे करायचा ते त्यातून कळेल. बैठकीची सूचना मराठीत आणि उर्दूतही निघावी, आणि मालेगावातून कोणी दोन ओळींची हरकत पाठवली तर ती अहवालाच्या पानावर नोंदली जावी.